मनोऱ्याचा ताण

उन्हाळ्याच्या शेवटी वादळ सुटते. भुसावळ, यावल, रावेर या भागात केळीच्या बागा आडव्या होतात. पण रेडिओचा बारीक, उंच मनोरा उभाच राहतो. असे का?

मनोऱ्याला बहुधा तीन बाजूंनी तारेचे दोर बांधलेले असतात. त्यांना ताण म्हणतात. वळणावरच्या विजेच्या खांबालाही असाच ताण असतो. वारा मनोऱ्याला एका अंगाला ढकलतो. दुसऱ्या अंगाचा ताण त्याला धरून ठेवतो.

आता या दोराचे टोक बांधायचे कसे? सुताच्या दोराला गाठ बसते. तारेच्या दोराला गाठ चालत नाही. म्हणून टोक दुमडून फास करतात. फासाच्या आत लोखंडी खोबणीचे कडे बसवतात. त्याला थिंबल म्हणतात. त्यामुळे दोर चेपत नाही. मग दोराचे दोन्ही पदर क्लिपांनी आवळतात.

क्लिप निवडताना नीट पाहावे. ती ठोकून घडवलेली असावी. ओतीव बिडाची नको. बीड ठिसूळ असते. झटका बसला की तडकते. क्लिपेवर जस्ताचा मुलामा हवा, नाहीतर पावसाळ्यात गंज चढतो. क्लिप दोराच्याच मापाची घ्यावी. बारीक दोरालाही तीन तरी लावाव्यात. जाड दोराला जास्त लागतात. दोन क्लिपांत दोराच्या जाडीच्या सहापट अंतर ठेवावे. दोर 10 मिलिमीटर, तर अंतर 60 मिलिमीटर.

क्लिपेचे दोन भाग असतात. एक खोगीर, दुसरा वाकवलेला बोल्ट. ज्या पदरावर ओढ आहे, त्यावर खोगीर यावे. कापलेल्या टोकाच्या पदरावर बोल्ट यावा. बोल्ट तार चेपतो. तो ओढीच्या पदरावर आला, तर दोर तिथेच दुबळा होतो. जो घोडा ओझे वाहतो, त्याच्या पाठीवर खोगीर. एवढे ध्यानात ठेवा.

ओढ बसली की दोर किंचित बारीक होतो. म्हणून नट पुन्हा आवळावे लागतात.

पोलंड देशात 646 मीटर उंचीचा रेडिओचा मनोरा होता. त्या काळी जगात तेवढे उंच बांधकाम दुसरे नव्हते. 8 ऑगस्ट 1991 रोजी त्याचे ताण बदलण्याचे काम चालू होते. तेव्हा तो कोसळला.

म्हणून ताणाला म्हैस बांधू नका. त्याचा नट काढू नका, मुलांनाही काढू देऊ नका. ताण सैल दिसला, तर हात न लावता ताबडतोब कळवा. वीतभर लोखंडावर सारा मनोरा उभा असतो.