मुकादमाचा कागद

या आठवड्यात घसारा घेऊ असं मी कबूल केलं होतं. पण ट्रॅक्टर काय, रोज थोडा थोडा झिजतच असतो. आणखी आठ दिवस झिजू द्या. भवानीनगरच्या एका वाचकाने वडिलांच्या वाहतूक धंद्याचा ताळेबंद पाठवलाय आणि त्यातल्या एका ओळीभोवती पेनाने गोल केलाय : 'प्राप्य विपत्रे – ९,४०,०००'. खाली प्रश्न : "हे पैसे आमचे धरायचे का?"

दोन ट्रॅक्टर, चार ट्रेलर. हंगामात छत्रपती कारखान्याला ऊस, पट्टा पडला की विटा आणि खडी. इंदापूर-बारामती पट्ट्यात असे धंदे घरटी सापडतील.

गेल्या वेळची 'येणी' आठवा. भाडं झालं, बिल दिलं, पैसे यायचेत. हातात पुरावा काय, तर आपलंच बिल. विपत्रात देणेकरी स्वतःच्या सहीने लिहून देतो की एवढे रुपये देईन. एसटीचं बघा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, उरलेल्या अर्ध्याची भरपाई सरकारने महामंडळाला करायची. येणं दांडगं, पण त्यापोटी मंत्रालयातून कुणी वचनचिठ्ठी लिहून दिलेली नाही. म्हणून ते विपत्रांत बसत नाही.

मी वाचकाकडून मूळ कागदांचे फोटो मागवले. तीन आले.

पहिला वीटभट्टीवाल्याचा. थकलेल्या भाड्यापोटी जून २०२२ मध्ये लिहिलेली एक लाखाची चिठ्ठी, 'मागाल तेव्हा देईन'. कोपऱ्यात एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट, सही अर्धी तिकिटावर अर्धी कागदावर. कायद्याने खरं तर अशा चिठ्ठीला २५ पैशांचं तिकीट पुरतं, मग रक्कम एक लाख असो की एक कोटी. पण तिकीटच नसेल तर ती कोर्टात पुराव्याला चालत नाही. इतर बऱ्याच कागदांना दंड भरून वाचवता येतं, वचनचिठ्ठीला ती सवलत नाही. एका रुपयासाठी लाख घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

मागताच द्यायच्या चिठ्ठीची मुदत तारखेपासून तीन वर्षं. म्हणजे ही जून २०२५ मध्येच मेली असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यात मागच्या बाजूचा फोटो आला. भट्टीवाल्याच्या वाकड्या अक्षरात : '१५/३/२४ रोजी रु. १०,००० दिले', खाली सही. त्या एका ओळीने तीन वर्षं नव्याने सुरू झाली. उरलेले ९०,००० मार्च २०२७ पर्यंत जिवंत.

दुसरा कागद जुन्या ड्रायव्हरचा. त्याला जुना ट्रॅक्टर हप्त्याने विकलाय, अडीच लाख बाकी, दरमहा दहा हजार, आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. हे विपत्र खरं. फक्त येत्या बारा महिन्यांचे १,२०,००० चालू मालमत्तेत दाखवा आणि १,३०,००० त्याच्या पलीकडे. डिझेलची उधारी भागवायला ते १,३०,००० यंदा उपयोगाचे नाहीत.

राहिले सहा लाख. तिसरा कागद मुकादमाचा, पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीच्या गोल शिक्क्यासह. दिसायला तिघांत सगळ्यात रुबाबदार. बीडकडच्या टोळीची ही उचल. आपल्याकडची रीत वाचकांना सांगायला नको : हंगामाआधी वाहतूकदार कोयत्यामागे उचल देतो, मुकादम ती मजुरांत वाटतो, टोळी आली की तोडणीच्या बिलातून ती फिटत जाते. कागदावर लिहिलंय : 'टोळी न आणल्यास सदर रक्कम परत करीन.'

सगळी गोम त्या 'न आणल्यास'मध्ये आहे. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यात वचनचिठ्ठीची पहिली अटच अशी की वचनाला अट नको. 'देईन' म्हणजे देईन. पाऊस पडला तर, टोळी आली तर, असलं काही नाही. मुकादमाने लिहून दिला तो करार. करार म्हणून तो चालेल, त्यावर दावाही होईल, पण ते विपत्र नव्हे.

माझ्या लेखी याहून मोठा फरक दुसराच आहे. भट्टीवाल्याची चिठ्ठी झालेल्या कामाची आहे. ते भाडं उत्पन्नात कधीच जमा झालंय. उचल म्हणजे घरातून, बहुतेकदा कर्ज काढून, बाहेर गेलेली रोकड, आणि ती परत यायची पैशाने नव्हे, घामाने. टोळी फडात उतरली तर हे सहा लाख हंगामाच्या खर्चात जिरतील. नाही उतरली तर ते बुडीताच्या वाटेला लागलेलं येणं. दोन्हीकडून त्यांची जागा 'दिलेल्या उचली व आगाऊ रकमा' या ओळीत. हिशेबनिसाने ते विपत्रांत घातले, कारण बँकेच्या साहेबाला 'विपत्रे' हा शब्द 'उचल'पेक्षा बरा वाटतो.

तेव्हा भवानीनगरच्या मित्रा, ओळ दुरुस्त करून घे : प्राप्य विपत्रे ३,४०,०००. आणि वडिलांना विचार, सहा लाखांतली टोळी गेल्या हंगामात आली होती का. तुझ्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

घसारा पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर बाकीच्यांनीही पेटीतल्या चिठ्ठ्या काढून मागची बाजू वाचावी. कोरी असेल तर पुढची तारीख बघावी.