स्लिप डिस्कच्या आठवणी आणि बँडचं मानधन

ऑक्टोबर १९७२. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या लहानशा डिस्कोत लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट स्टेजवर चढले आणि मुंबईच्याच वादकांना साथीला घेऊन वाजवू लागले. मुंबईच्या रॉकप्रेमींत ही रात्र आजही डोळे चमकवून सांगितली जाते. मग गप्पा धोबीतलावच्या रंगभवनवर येतात. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव तिथे वर्षानुवर्षं गाजला. उघड्यावरचं थिएटर, शेजारी झेवियर्स कॉलेज, जवळच हॉस्पिटलं. शेवटी शांतता क्षेत्राच्या नियमांनी तिथला आवाज बंद झाला.

पण या गप्पांत पैशाचा विषय निघाला की सूर उतरतो. गणित साधं आहे. पबमध्ये बँडमुळे गर्दी होते, गर्दीमुळे बिअर खपते, पण बारच्या गल्ल्यात बँडचा वाटा नसतो. मिळते ती ठरलेली रक्कम किंवा तिकिटांतला हिस्सा. समजा दहा हजार मिळाले. पाच जणांत प्रत्येकी दोन हजार. त्यातून तालमीच्या खोलीचं भाडं, गिटारच्या तारा, ड्रम्स न्यायला टेम्पो. आणि स्वतःची गाणी वाजवायची म्हटलं की ऐकायला मिळतं, “तुम्हाला प्रसिद्धी मिळतेय ना!”

मला हे वाक्य मनापासून खटकतं. साउंडवाल्याला, वेटरला कोणी प्रसिद्धीवर राबवत नाही.

आजही पबमध्ये वाजवणाऱ्या मित्रांनो, रक्कम, साउंडचा खर्च आणि पैसे कधी मिळणार, हे तीन मुद्दे आधी लेखी घ्या. साधा व्हॉट्सॲप मेसेज असला तरी हाती पुरावा राहतो.