तीन हजारांचा आकडा: इंजिन ऑइलच्या पन्नास वर्षांचा मागोवा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात आज विचारा, "ऑइल कधी बदलायचं?" जुना मेकॅनिक असेल तर उत्तर ठरलेलं असतं: "तीन हजाराला टाका आणि बिनघोर राहा." हे उत्तर खोटं नाही, जुनं आहे. ते ज्या इंधनासाठी, ज्या इंजिनासाठी आणि ज्या फिल्टरसाठी तयार झालं, त्यातलं जवळजवळ काहीच आज उरलेलं नाही. आकडा मात्र तोंडातोंडी टिकून राहिला. तो कसा आला आणि पुढे त्याचं काय झालं, हे नीट पाहिलं तर आपल्या गाडीचं ऑइल आपल्याला निवडता येतं, दुसऱ्या कुणावर विसंबावं लागत नाही.

सुरुवात सत्तरच्या दशकापासून करू. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडत होती, पुढे तीच प्रीमियर पद्मिनी झाली. 1972 मध्ये आकुर्डीहून चेतक आली. चेतकला आजच्या अर्थाने इंजिन ऑइल बदलावं लागतच नसे. दोन स्ट्रोकचं इंजिन, त्यामुळे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि पेट्रोलबरोबर जाळायचं. पंपावर टू-टीचं वेगळं यंत्र असे, लिटरमागे इतकं ऑइल असं माप ठरलेलं असे. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरायचा, जास्त झालं तर प्लग काळा पडून स्कूटर रस्त्यात बंद. त्यामुळे गाडीवाले सढळ हाताने ऑइल घालत आणि मागून निळा धूर निघे. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, हे मात्र कित्येकांच्या गावीही नसे. ते वर्षानुवर्षं बदललं जात नसे.

मोटारीचं दुखणं निराळं होतं. तेव्हा चालायचं ते एकाच ग्रेडचं ऑइल, बोलीत 'चाळीस नंबर'. थंड असताना ते घट्ट, तापलं की पातळ. सकाळी चोक ओढून गाडी चालू करायची, कार्बोरेटरमधून जादा पेट्रोल आत जायचं. ते सगळं जळत नसे. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरायचं, जाताजाता तिथला ऑइलचा थर धुऊन न्यायचं आणि तळाच्या ऑइलमध्ये मिसळायचं. म्हणून अनुभवी फिटर ऑइलची पातळी मोजायचा गज बाहेर काढला की ऑइलचा थेंब अंगठा आणि बोट यांच्यात चोळून बघत, नाकाशी धरत. पेट्रोलचा वास आला आणि थेंब पाण्यासारखा सरकला, तर किलोमीटर किती झाले हे न विचारताच ते पान्याने तळाचा नट सोडत. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, पण त्यांचं निदान बहुधा बरोबर असे.

त्यात पेट्रोलमध्ये शिसं. ते जळल्यावर उरणारे क्षार ऑइलमध्ये उतरत आणि गाळ वाढवत. शिसेविरहित पेट्रोल देशभर मिळू लागलं ते 1 फेब्रुवारी 2000 पासून.

डिझेलची गोष्ट याहून मोठी. माझ्या मते हा सगळा मागोवा मुळात गंधकाचा आहे. 1996 पूर्वी आपल्या डिझेलमध्ये 1 टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग गंधक चालत असे. गंधक जळलं की त्याचे वायू होतात. इंजिनात पाण्याची वाफही असतेच. दोन्ही मिळून आम्ल तयार होतं आणि ते लायनर, रिंगा, बेअरिंग कुरतडतं. हे आम्ल मारायला ऑइलमध्ये अल्कधर्मी द्रव्यं घातलेली असतात. ती एकदा वापरून संपली की ऑइल दिसायला तसंच काळं, चिकट. पण संरक्षण शून्य. त्या काळातल्या जीपला आणि टेम्पोला ऑइल लवकर बदलणं भाग होतं ते या कारणाने. पुढे गंधक पायरीपायरीने उतरलं: भारत स्टेज 3 मध्ये 350, स्टेज 4 मध्ये 50, आणि 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या स्टेज 6 मध्ये फक्त 10. हजारपट घट. ऑइल जास्त टिकू लागलं याचं श्रेय आपण डब्यावरच्या जाहिरातीला देतो. त्यातलं निम्मं तरी तेलशुद्धीकरण कारखान्यांत गंधक काढणाऱ्या संयंत्रांना द्यायला हवं.

फिल्टरचाही एक इतिहास आहे. सुरुवातीच्या मोटारींना ऑइल फिल्टर नव्हताच. अमेरिकेत 1920 च्या दशकात प्युरोलेटर आला. तेव्हाची रचना अशी की पंपातून निघालेल्या ऑइलचा थोडासाच भाग फिल्टरकडे वळायचा, बाकीचं न गाळताच बेअरिंगकडे जायचं. आपल्याकडच्या जुन्या जीपमध्ये हीच पद्धत होती. सगळं ऑइल आधी गाळून मग पुढे पाठवणारे फिल्टर आले आणि हिशोब बदलला. घड्या घातलेला कागद, त्याभोवती पत्र्याचा डबा, हाताने फिरवून बसवायचा: मारुती 800 बरोबर हा डबा घरोघरी माहीत झाला.

या डब्याच्या आत काय असतं ते एकदा कापून बघण्यासारखं आहे. कागदाशिवाय दोन झडपा असतात. एक रबराची, गाडी बंद असताना ऑइल खाली निथळू न देणारी. ती वाईट असली तर सकाळी चालू करताच इंजिन क्षणभर खडखडतं, कारण ऑइल वर पोचेपर्यंत धातू कोरडाच घासत असतो. दुसरी स्प्रिंगची. कागद तुंबला, तर ऑइल अडू नये म्हणून ती उघडते आणि न गाळलेलं ऑइल तसंच पुढे सोडते. म्हणजे फिल्टर तुंबल्यावर गाडी थांबत नाही, नुसती आतून झिजत जाते आणि मालकाला कळत नाही. "ऑइल बदला, फिल्टर पुढच्या वेळी बघू" हा सल्ला म्हणूनच मला मुळीच मान्य नाही. ऑइलच्या खर्चापुढे फिल्टरचा खर्च किरकोळ, आणि जुन्या फिल्टरमध्ये अडकलेलं काळं ऑइल नव्यात लगेच मिसळतं. स्वस्त नकली फिल्टरमध्ये नेमक्या या झडपांतच काटकसर केलेली असते.

पण आपल्या मुलखात इंजिन मारतं ते मुख्यतः ऑइल नव्हे, धूळ. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या काळ्या रानातून ट्रॅक्टर फिरतो तेव्हा त्याच्यामागे जे उठतं, ते सगळं इंजिनाच्या नाकातोंडाशी असतं. ट्रॅक्टरला आणि जुन्या जीपला यासाठी तेलाचा एअर क्लीनर असतो. खालच्या वाटीत ऑइल. आत येणारी हवा त्यावर आपटून वळते, जड धूळ तिथेच बुडते, बाकीची वरच्या जाळीत अडकते. वाटीची क्लिप सोडून बघितलं की वर ऑइल आणि तळाशी बोटभर मऊ चिखल. तो खरवडून काढायचा, वाटी रॉकेलने किंवा डिझेलने धुवायची आणि खुणेपर्यंतच नवं ऑइल भरायचं. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. नांगरटीच्या दिवसांत काळजी घेणारा शेतकरी हे काम रोज करतो. कार आणि मोटारसायकलींत आता कागदाचे एअर फिल्टर आले. ते झटकून पुन्हा बसवायची सवय मात्र गेली नाही. हवेच्या जोरदार झोताने कागदाला बारीक भोक पडलं, तर त्यातून जाणारी वाळू महागातलं महाग ऑइलही थांबवू शकत नाही.

1985 मध्ये हिरो होंडा सीडी 100 आली आणि चार स्ट्रोकची मोटारसायकल घरातली झाली. हिच्यात लिटरभराहून कमी ऑइल, आणि तेच ऑइल इंजिन, गिअर व क्लच या तिघांना. कागदाचा फिल्टर नाही. एक जाळी आणि गरगर फिरून कचरा बाहेर फेकणारी एक वाटी. इतक्या थोड्या ऑइलवर इतकी कामं, म्हणून तिथे लवकर बदलायचा आग्रह आजही योग्य आहे. कारसाठीचं ऑइल मोटारसायकलमध्ये घालू नये, तेही याच कारणाने. त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं ऑइलमध्ये बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचला घसरवतात. जपानी मानकसंस्थेने 1998 मध्ये यासाठी वेगळी खूण ठरवली: ओल्या क्लचच्या मोटारसायकलीला 'एमए', कोरड्या क्लचच्या गिअरलेस स्कूटरला 'एमबी'. डबा घेताना ब्रँडच्या आधी ही दोन अक्षरं बघावीत.

नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला, डबे चकचकीत झाले आणि 'वीस-चाळीस', म्हणजे 20डब्ल्यू-40, घराघरात पोचलं. त्या आकड्यांबद्दलचा गैरसमजही तेव्हापासूनचा. ऑइलला घट्टपणाचे नंबर देण्याची पद्धत अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संस्थेने 1911 मध्ये सुरू केली. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा 100 अंश सेल्सिअसला मोजलेल्या घट्टपणाचा. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, झीरो डब्ल्यू कशाला?" असं लोक विचारतात. पण सकाळी पुण्यात वीस अंश असले तरी इंजिनाच्या दृष्टीने ती थंडीच. चालत्या इंजिनाचं ऑइल शंभर अंशांच्या आसपास असतं, आणि जे लवकर वर पोचतं ते झीज वाचवतं. मारुतीच्या अलीकडच्या पेट्रोल इंजिनांना 0डब्ल्यू-20 सांगितलेलं असतं, कारण त्यांच्या बेअरिंगमधलं अंतर, पंप आणि ऑइलच्या वाटा त्याच हिशोबाने बनवलेल्या असतात. त्यात 'आपल्या उन्हाळ्याला जरा घट्ट' म्हणून 20डब्ल्यू-50 ओतणं ही इंजिनाची सेवा नाही. उलट, बोअर झिजलेल्या जुन्या गाडीला पातळ ऑइल घालणंही चुकीचं. मग ती ऑइल खाते आणि धूर मारते.

शिसं गेलं, गंधक गेलं, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, ऑइलही जास्त शुद्ध झालं. तेव्हा कुठे कारच्या पुस्तिकेत 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असा मजकूर दिसू लागला. तो खरा आहे. मात्र त्याच पुस्तिकेत खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो आणि आपण तो वाचत नाही. धूळ, सतत थांबत-चालत जाणं, दोन-तीन किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या, चढावर ओझं: हे वर्णन कुणाचं? मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, सगळ्यांचंच. शिवाय किलोमीटर हे मापच शहरात फसवं आहे. ट्रॅक्टरला मीटर तासांचा असतो आणि ऑइल साधारण 250 तासांना बदलतात. तोच हिशोब कारला लावा. द्रुतगती मार्गावर ताशी 80 ने जाणाऱ्या गाडीचे 10,000 किलोमीटर म्हणजे 125 तास. सिग्नलवर अडत ताशी 20 ने सरकणाऱ्या गाडीचे तेच 10,000 म्हणजे 500 तास. पहिलीने वर्षभर निर्धास्त राहावं, दुसरीने पाच-सहा हजारांवर किंवा सहा महिन्यांत बदलून टाकावं.

स्टेज 6 च्या डिझेल कारने आणखी एक नवीन गोष्ट आणली. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर सायलेन्सरच्या वाटेवर बसला. साठलेली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं आणि त्यातलं थोडं पुन्हा ऑइलमध्ये उतरतं. म्हणून या गाड्यांत गजावरची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. ती वाढ बघून खूश होऊ नये, वरची खूण ओलांडली असेल तर ऑइल लगेच बदलावं. या फिल्टरला राख कमी सोडणारं ऑइलच लागतं. जुनं, स्वस्त डिझेल ऑइल घातलं तर त्याची राख जळत नाही, फिल्टरमध्ये कायमची साठते.

आता इंधन पुन्हा बदललं आहे. 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि आता पंपावर तेच मिळतं. त्यातलं कितीतरी इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांचं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. इंजिन नीट तापलं तर ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि इथेनॉल उडून जातं. दळण आणायला आणि शाळेत सोडायला तेवढीच निघणारी गाडी तापतच नाही. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट, सायीसारखा थर दिसला तर तो याच पाण्याचा असू शकतो. कूलंट घटलेलं नाही ना, एवढं आधी तपासावं, मग किलोमीटर दोन हजार झाले असोत की अडीच हजार, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत, आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग मोकळ्या रस्त्यावर चालवावी.