पाना-पक्कड आहे, कागद आहेत का?

एप्रिल लागला की नागपुरातल्या प्रत्येक कॉलेजात एक असा मित्र निघतोच, ज्याचा फोन थांबत नाही. कूलरचा पंप जाम झालाय, खस बदलून दे, बाथरूमचा नळ गळतोय, भिंतीत ड्रिल मारायचंय. माझाही असा एक मित्र आहे. आयटीआयमधून वीजतंत्री झाला, आता बी.कॉम. करतोय. नंदनवन ते मानेवाडा बाईकवर फिरून दोन उन्हाळ्यांत त्याने स्वतःची फी काढली. यंदा त्याने व्हिजिटिंग कार्ड छापलं, ‘घरातील सर्व किरकोळ कामे करून मिळतील’. आणि हाताखाली वीस वर्षांचा एक पोरगा ठेवला, महिना बारा हजारांवर.

तिसऱ्याच आठवड्यात हा पोरगा एका दुमजली घराच्या गच्चीवरून कूलर उतरवताना घसरला. खाली सज्जा होता म्हणून वाचला. मनगटाला प्लास्टर, बस्स. त्या रात्री टपरीवर आम्ही एक हिशेब मांडला. तुम्हीही मांडून बघा.

कामावर असताना कामगाराला अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे १९२३च्या कायद्यापासून चालत आलंय. लेखी करार नव्हता, तोंडी ठरलं होतं, ही सबब चालत नाही. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग घ्यायचा आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचा. विसाव्या वर्षासाठी तो आकडा २२४ आहे. सहा हजार गुणिले २२४ म्हणजे १३ लाख ४४ हजार रुपये! मित्राच्या खात्यात त्या दिवशी साडेनऊ हजार होते. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. चहा थंड झाला.

यावर उपाय आहे, त्याला कामगार भरपाई विमा म्हणतात. न्यू इंडिया, युनायटेड इंडियासारख्या सरकारी कंपन्याही तो देतात. हप्ता कामाचं स्वरूप आणि पगाराची रक्कम बघून ठरतो. त्यामुळे फॉर्मवर ‘ऑफिस बॉय’ लिहून पोराला गच्चीवर चढवायचं नाही. क्लेमच्या वेळी नेमकं तेच अडतं.

‘पण आमच्याकडे वीस रुपयांचा विमा आहे ना?’ आहे, आणि तो काढाच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये खात्यातून कटतात आणि अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात. पण हे पैसे त्या पोराच्या घरच्यांना मिळतात. तुमची मालक म्हणून असलेली जबाबदारी त्याने फिटत नाही.

दुसरी बाजू ग्राहकाची. ड्रिल मारताना आतला पाइप फुटला, खालच्या फ्लॅटचं पीओपी गेलं, तर? बाईकला थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो, ड्रिलला नसतो. दुसऱ्याच्या नुकसानीचा दायित्व विमा मिळतो, पण तो आपणहून काढायचा. १९९१चा पब्लिक लायबिलिटी कायदा दाखवून कुणी ‘सक्तीचा आहे’ म्हणत गळ्यात मारत असेल तर सरळ हसा. तो कायदा घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे. आणि हो, छोट्या व्यवसायांसाठीची ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी आग, पूर अशा संकटांत दुकान आणि मालाचं नुकसान भरून देते. लोकांच्या घरी तुम्ही केलेल्या गोंधळाशी तिचा संबंध नाही.

आता परवाना. ‘सर्व किरकोळ कामे’ असा एकच परवाना आपल्याकडे नाही. परवाना कामागणिक असतो. विजेच्या बाबतीत रेघ फार बारीक आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण होतं तसंच बदलून लावायला परवाना लागत नाही. पण त्यापुढची फिटिंग, म्हणजे कूलरसाठी नवा पॉइंट काढणं, वायरिंग वाढवणं, ही कामं परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायची, तीही प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना हवा. आयटीआयचं सर्टिफिकेट म्हणजे परवाना नव्हे. माझ्या मित्राला हे आयटीआय करून दोन वर्षं झाल्यावर कळलं! कूलरला हात लावल्यावर शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात, त्यामुळे हा नियम मला तरी जाचक वाटत नाही. नळाचं तसंच. घरातली तोटी बदलणं वेगळं आणि महापालिकेच्या लाइनवरून जोडणी घेणं वेगळं. त्यासाठी परवानाधारक प्लंबर लागतो.

बाकीचे कागद सोपे आहेत. दुकाने व आस्थापना कायदा, २०१७नुसार मोजकीच माणसं असतील तर नोंदणी नाही, धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची. उद्यम नोंदणी आधारवर होते आणि पूर्ण फुकट आहे. हजार-दोन हजार मागणाऱ्या साइट्स सरकारी नाहीत, त्यांच्या नादी लागू नका. व्यवसायकर वर्षाला अडीच हजार. सेवांसाठी जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेल्यावर, तेव्हा ती चिंता सध्या सोडा. गंमत म्हणजे पीएम विश्वकर्माच्या १८ व्यवसायांत सुतार आहे, गवंडी आहे, कुलूप दुरुस्त करणारा आहे, पण वीजतंत्री आणि प्लंबर नाहीत.

मित्राने जुनी कार्डं रद्दीत टाकली. नव्या कार्डावर ‘पंखा, कूलर, तोटी दुरुस्ती’ एवढंच आहे. तारतंत्रीच्या परवान्यासाठी कागद जमवणं सुरू आहे, विम्याचं कोटेशन मागवलंय. पोराचं प्लास्टर पुढच्या सोमवारी निघेल. तोवर गच्चीवर मित्र एकटाच चढतोय, आणि कूलर धरायला घरमालकाला वर बोलावतोय.