शेक, पण भाजणारा नव्हे!

असोद्याची भरिताची वांगी खानदेशात सर्वांच्या परिचयाची आहेत. पऱ्हाटीच्या जाळावर वांगे ठेवले की साल करपते आणि आतला गर शिजतो. हे काम उष्णतेचे. कर्करोगावरील किरणोपचारालाही आपल्याकडे लोक ‘शेक देणे’ म्हणतात. त्यामुळे शरीर आतून भाजून निघत असेल, अशी धास्ती अनेकांना वाटते. ती कितपत खरी आहे, ते पाहू.

त्यासाठी एका विरळ गाठीचे उदाहरण घेऊ. स्तनांच्या गाठींत शंभरात एकाहूनही कमी आढळणारी ही ‘फायलोड्स’ गाठ. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर याने 1838 साली तिला हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘फायलॉन’ म्हणजे पान. गाठ कापून पाहिली असता तिची रचना पानांसारखी दिसते. यांतील पुष्कळ गाठी सौम्य असतात, काही मधल्या प्रकारच्या, तर थोड्या घातक.

हरळीच्या मुळाचा तुकडा जमिनीत राहिला की ती पुन्हा फुटते. म्हणून शेतकरी ती ढेकळासकट काढतो. शल्यविशारदही गाठीभोवतीचा सुमारे 1 सेंटिमीटर निरोगी भाग काढतो. सौम्य गाठीला सहसा एवढे पुरते. परंतु गाठ घातक असेल आणि विशेषतः पुरेशी कड मिळाली नसेल, तर मागे राहिलेल्या पेशींसाठी किरणोपचाराचा विचार होतो. त्याने गाठ त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचा संभव कमी होतो.

आता थोडे गणित करू. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. 1 ग्रे म्हणजे 1 किलोग्रॅम वस्तुमानात शोषली गेलेली 1 जूल ऊर्जा. समजा, 25 बैठकांत मिळून 50 ग्रे दिले. 1 किलोग्रॅम पाण्याचे तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे 4,184 जूल लागतात. मग 50 जूलने ते किती वाढेल? जेमतेम एक शतांश अंश! म्हणजे हा शेक भाजणारा नव्हे.

मग पेशी मरतात कशा? किरण पेशीतील अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. पाण्याच्या रेणूंपासून अतिशय क्रियाशील कण बनतात आणि डीएनएचे धागे तुटतात. निरोगी पेशी दोन बैठकांमधल्या काळात ही मोडतोड बऱ्याच अंशी दुरुस्त करतात. कर्कपेशींना ते तितके साधत नाही. म्हणूनच मात्रा थोडी थोडी देतात. त्वचा लाल होते, थकवा येतो. पण तो पेशींना झालेल्या इजेचा परिणाम, उष्णतेचा नव्हे.

हे किरण रेषीय त्वरकातून किंवा कोबाल्ट-60 पासून मिळवतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र आपल्या देशातच विकसित केले आहे. यंत्र बंद होताच किरण थांबतात. रुग्णाच्या अंगात ते साठून राहत नाहीत. तेव्हा असे उपचार घेणाऱ्या आईची भांडी वेगळी ठेवण्याचे किंवा तिच्या लेकराला तिच्यापासून दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही. मात्र भीतीपोटी बैठका अर्ध्यावर सोडल्या, तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला संधी मिळते. एवढी गोष्ट तुम्ही घरी समजावून सांगितलीत, तरी विज्ञानाचा हा धडा उपयोगी पडला असे म्हणता येईल.