विश्लेषण : शॉटगनमध्ये .२२ चे काडतूस? चेंबर अ‍ॅडॉप्टर छोट्या शिकारीसाठी कितपत अचूक?

अमेरिकेत शरद ऋतू लागला की खार आणि सशाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. ग्रामीण भागातील अनेक घरांत त्यासाठी एकनळी किंवा दुनळी शॉटगन असते. पण १२ बोरचे काडतूस एवढ्याशा प्राण्यासाठी फार भारी पडते. यावर तेथील बाजारात एक स्वस्त उपाय मिळतो, तो म्हणजे चेंबर अ‍ॅडॉप्टर. धातूचे हे छोटे नळकांडे बंदुकीत सरकवले की त्याच बंदुकीतून .४१० किंवा .२२ चे काडतूस उडवता येते. नवी बंदूक घ्यावी लागत नाही. मात्र काडतूस उडणे आणि ते नेमावर लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात न घेतल्यास त्याची किंमत जखमी होऊन पळालेल्या प्राण्याला आणि कधीकधी बंदूकधाऱ्यालाही मोजावी लागते.

अ‍ॅडॉप्टर म्हणजे नेमके काय?

काडतूस नळीच्या मागच्या टोकाला ज्या पोकळीत बसते तिला चेंबर म्हणतात. अ‍ॅडॉप्टरचा बाहेरचा आकार १२ बोरच्या काडतुसासारखा असतो आणि आत लहान काडतुसासाठी जागा कोरलेली असते. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, फक्त चेंबरच्या लांबीचा आणि आतून गुळगुळीत. तो २० बोर, २८ बोर किंवा .४१० च्या छर्ऱ्यांसाठी वापरतात. दुसरा, आतून रायफलिंग म्हणजे पेचदार आटे असलेला. तो .२२ सारख्या एका गोळीच्या काडतुसासाठी असतो व काही इंचांपासून हातभर लांबीपर्यंत मिळतो. तिसरा, बंदुकीच्या नळीएवढा लांब. तो मुख्यतः नेमबाजीच्या स्पर्धांत दिसतो. हे सगळे मधोमध मोडून उघडणाऱ्या बंदुकीतच वापरतात. पंप किंवा स्वयंचलित शॉटगनच्या यंत्रणेत ते चालत नाहीत. कल्पना मात्र जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश लष्कर मार्टिनी-हेन्री रायफलमध्ये ‘मॉरिस ट्यूब’ घालून कमी खर्चात नेमबाजीचा सराव करून घेत असे.

‘बोर’चे गणित काय?

एक पौंड शिशाच्या एकसारख्या १२ गोळ्या केल्या तर त्यातील एका गोळीचा जो व्यास येईल, तो १२ बोर. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते. १२ बोरच्या नळीचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, तर २० बोरचा सुमारे १५.६ मिलिमीटर असतो. .४१० हा याला अपवाद आहे. तो आकडा थेट इंचातला, म्हणजे सुमारे १०.४ मिलिमीटर. .२२ ची गोळी तर जेमतेम ५.६ मिलिमीटरची. अ‍ॅडॉप्टरच्या साऱ्या अडचणी या आकड्यांतून सुरू होतात, कारण लहान काडतुसातून सुटलेल्या छर्ऱ्यांना किंवा गोळीला पुढचा प्रवास तिच्यापेक्षा कितीतरी रुंद नळीतून करावा लागतो.

मग गरज का भासते?

१२ बोरच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे ३२ ग्रॅम छर्रे असतात. जवळून असा बार लागला तर खारीचे मांस खाण्याजोगे राहत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत खारीचे मांस पूर्वापार खाल्ले जाते. ‘ब्रन्सविक स्ट्यू’ हा तेथील प्रसिद्ध रस्सा पूर्वी खारीच्या मांसाचाच करत. त्यामुळे मांस वाया जाऊ नये याला महत्त्व आहे. .२२ च्या गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम. तिचा आवाज कमी, धक्का नगण्य आणि काडतूसही १२ बोरपेक्षा स्वस्त. मुठीत मावेल एवढ्या डबीत पन्नास काडतुसे बसतात. ही सोय एका नळकांड्यात मिळत असेल तर मोह होणारच.

छर्ऱ्यांच्या अ‍ॅडॉप्टरने काय बदलते?

.४१० च्या अडीच इंची काडतुसात सुमारे १४ ग्रॅम छर्रे असतात. अमेरिकी सहा नंबरचे छर्रे धरले तर ते ११० च्या आसपास भरतात. १२ बोरच्या ३२ ग्रॅममध्ये हीच संख्या सुमारे २५० होते. छर्ऱ्यांच्या मागे प्लास्टिकचा किंवा नमद्याचा बूच असतो. तो नळीला घट्ट बसून मागचा वायू अडवतो. .४१० चा बूच १२ बोरच्या रुंद नळीत आला की त्याच्या कडेने वायू निसटतो, वेग घटतो आणि छर्रे विस्कटतात. नळीच्या टोकाला असलेला चोक, म्हणजे छर्रे एकत्र ठेवणारा आवळ भागही १८ मिलिमीटरच्या हिशेबाने बनवलेला असतो. इतक्या कमी छर्ऱ्यांवर त्याचा पुरेसा ताबा राहत नाही.

बंदुकीचा मारा तपासताना ३० इंच, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ धरण्याची पद्धत आहे. .४१० चे निम्मे छर्रे या वर्तुळात पडले असे धरले, तर साधारण तळहाताएवढ्या जागेत एक छर्रा येतो. फुल चोकच्या १२ बोरचे ७० टक्के छर्रे आत आले तर तेवढ्याच जागेत तीन येतात. एकच छर्रा लागलेली खार बहुधा झाडाच्या ढोलीत शिरते आणि तेथे हळूहळू मरते. म्हणूनच अशा अ‍ॅडॉप्टरने पंधरा-वीस पावलांपलीकडे बार टाकू नये, हेच शहाणपणाचे.

.२२ ची गोळी का चुकते?

यात पहिला दोष ठिणगीचा. शॉटगनची फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावर बरोबर मध्यभागी आदळते. .२२ चे काडतूस मात्र कडेवर आघात झाला तरच पेटते. त्यामुळे अ‍ॅडॉप्टरमध्ये .२२ ची जागा मध्यापासून सुमारे तीन मिलिमीटर बाजूला घ्यावी लागते. काही नळकांड्यांत त्यासाठी आतली नळी किंचित तिरकी ठेवलेली असते.

दुसरा आणि मोठा दोष ढिलाईचा. शॉटगनचे चेंबर पुढे किंचित निमुळते असते आणि प्रत्येक बंदुकीत त्याचे माप थोडे वेगळे भरते. समजा, तीन इंची, म्हणजे ७६ मिलिमीटर लांबीचे अ‍ॅडॉप्टर एका टोकाला साध्या कागदाच्या जाडीइतके, म्हणजे ०.१ मिलिमीटर हलते. तर २५ यार्डांवर, म्हणजे सुमारे २३ मीटरवर गोळी तीन सेंटिमीटर सरकते. खारीचे डोके साधारण तेवढेच असते. नळकांडे एक अंशाने कलले तर याच अंतरावर गोळी ४० सेंटिमीटर दूर जाते.

चूक नेहमी एकाच दिशेला होत असेल तर नेम तेवढा बाजूला धरून ती सुधारता येते. पण दर वेळी अ‍ॅडॉप्टर बाहेर काढून पुन्हा घालताना ते थोडेसे फिरते आणि चुकीची दिशाही बदलते. तीन सेंटिमीटरची चूक मग सहा सेंटिमीटर रुंदीच्या कड्यात कुठेही पडू शकते. चांगल्या बनावटीत यासाठी बाहेरून रबरी कडी आणि बसवण्याची खूण दिलेली असते. लांब नळकांडी अधिक भरवशाची ठरतात. तेवढीच ढिलाई असली तरी लांबी वाढल्याने कोन कमी होतो. शिवाय आटे असलेली वाट लांब असल्याने गोळीला वेगही बरा मिळतो. तीन इंची अ‍ॅडॉप्टरमधून सुटलेल्या .२२ चा वेग रायफलपेक्षा पिस्तुलाच्या जवळ जातो.

तिसरा दोष बंदुकीचाच. शॉटगनवर पुढे फक्त एक मणी असतो, मागची दृष्टी नसते. उडत्या पक्ष्यावर छर्ऱ्यांचा मारा करायला तेवढा पुरतो, एका गोळीने डोके टिपायला पुरत नाही.

स्पर्धेतील नळ्या मग अचूक कशा?

अमेरिकी स्कीट स्पर्धा १२, २०, २८ बोर आणि .४१० अशा चार गटांत होते. अनेक नेमबाज एकाच १२ बोर दुनळीत पूर्ण लांबीच्या नळ्या बसवून चारही गट खेळतात. या नळ्या त्या बंदुकीच्या मापाने बसवलेल्या असतात. छर्रे पहिल्यापासून शेवटपर्यंत योग्य व्यासाच्या नळीतूनच जातात आणि टोकाला चोकही त्याच मापाचा असतो. म्हणजे दोष कल्पनेत नसून आखूडपणात आणि ढिल्या बसणीत आहे. स्टीव्हन्स कंपनीने १९३८ च्या सुमारास आणि सॅव्हेजने १९५० पासून वर .२२ व खाली .४१० अशी जोडबंदूक बनवली, तिच्यातही दोन्ही नळ्या स्वतंत्र होत्या. अर्थात या दोन्ही पर्यायांचा खर्च छोट्या अ‍ॅडॉप्टरपेक्षा बराच जास्त आहे.

धोका कोठे आहे?

सर्वांत जुना धोका काडतुसांच्या सरमिसळीचा. २० बोरचे काडतूस चुकून अ‍ॅडॉप्टरविना १२ बोरमध्ये टाकले तर ते चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकते. मागून चेंबर रिकामेच दिसते. त्यात १२ बोरचे काडतूस भरून घोडा ओढला की नळी फुटते. बोटे किंवा डोळा गमावण्याची वेळ याच चुकीतून येते. म्हणूनच अमेरिकेत २० बोरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात. अ‍ॅडॉप्टर वापरणाऱ्याच्या खिशात दोन मापांची काडतुसे असतात, त्यामुळे ही शक्यता वाढते. ती वेगवेगळ्या खिशांत ठेवणे आणि दर वेळी नळीतून आरपार पाहणे हे किमान नियम.

दुसरा धोका दाबाचा. अमेरिकी मानकांनुसार नेहमीच्या १२ बोरसाठी कमाल दाब दर चौरस इंचाला ११,५०० पौंड आहे, .२२ साठी २४,००० आणि .४४ मॅग्नमसाठी ३६,०००. .२२ चे बूड लहान असल्याने बंदुकीच्या सांध्यावर एकूण रेटा कमी येतो. पण मोठ्या पिस्तुली काडतुसांची अ‍ॅडॉप्टर जुन्या, सैल झालेल्या बंदुकीत घालणे म्हणजे विषाची परीक्षा. बार उडालाच नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे लागते. फायरिंग पिन .२२ च्या कडेवर नीट न आदळल्याने ही वेळ येऊ शकते.

भारतात स्थिती काय?

येथे छोट्या शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचीतील वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्यांबाबत परवानगीची वेगळी प्रक्रिया आहे. महाराष्ट्रात पीकसंरक्षणासाठी परवाना घेतलेल्या १२ बोर बंदुका शेतकऱ्यांकडे आहेत. मात्र शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्रांचे भागही ‘शस्त्रे’ या व्याख्येत येतात आणि शस्त्रे आयात करण्यास परवाना लागतो. परवान्यावर शस्त्राचा व काडतुसांचा प्रकार नोंदलेला असतो. तेव्हा आटे असलेली छोटी नळी परदेशातून मागवणे किंवा लेथवर करवून घेणे गुन्ह्यात अडकवू शकते.

थोडक्यात, उपयोग कोणाला?

ज्याच्याकडे चांगल्या स्थितीतील मोडणारी शॉटगन आहे, जो पंधरा-वीस पावलांतच बार टाकतो आणि दुसऱ्या बाराची घाई करत नाही, त्याला अ‍ॅडॉप्टर उपयोगी पडते. उडालेले काडतूस बहुधा काडीने ढकलून काढावे लागते. त्यामुळे पहिला बार चुकला की खार निसटलीच. शिकारीपूर्वी कागदावर किमान पाच बार तपासावेत. पण प्रत्येक बारानंतर अ‍ॅडॉप्टर काढून पुन्हा घालावे, कारण रानातही तसेच होणार असते. पाचही गोळ्या चार सेंटिमीटरच्या वर्तुळात ज्या अंतरावर पडतील, तेवढाच त्या जोडीचा पल्ला. बहुतेक आखूड नळकांड्यांचा हा पल्ला रायफलपेक्षा बराच कमी भरतो. नियमित शिकार करणाऱ्यास साधी .२२ रायफल शेवटी स्वस्त पडते. अ‍ॅडॉप्टरने बंदुकीत दुसरे काडतूस चालते, पण तेवढ्याने शॉटगनची रायफल होत नाही.