बालवाडीतला गोल्डफिश

बालवाडीच्या भिंतीवर हत्ती, सिंह, मोर रंगवलेले असतात आणि मुलं त्यांची नावं घडाघडा म्हणतात. जिवंत प्राणी मात्र तिथे सहसा नसतो. तो असावा असं म्हणणारे, मुलं त्यामुळे प्रेमळ होतात, असं सांगतात. ते खोटं नसेल, पण प्रेमळपणा मोजायचा कसा? माझ्या मते भक्कम कारण वेगळं आहे. जिवंत असणं म्हणजे काय, याची समज तीन ते सहा या वयात घडत असते. या वयातली मुलं सूर्याला, वाऱ्याला, धावत्या सायकललाही जीव आहे म्हणतात, हे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी फार पूर्वीच नोंदवलं होतं. हा गोंधळ भिंतीवरचा सिंह कसा दूर करणार? त्याला भूकच लागत नाही.

जपानमधल्या संशोधक कायोको इनागाकी यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी घरी गोल्डफिश सांभाळणाऱ्या आणि न सांभाळणाऱ्या बालवाडीच्या वयाच्या मुलांची तुलना केली. खाणं कधी घालायचं, पाणी का बदलायचं, हे पहिल्या गटाला जास्त ठाऊक असणार, यात नवल नाही. पण माशाला हृदय असतं का, अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींतही ही मुलं पुढे होती. खरी गंमत बेडकाची. बेडूक कधीही न पाळलेली ही मुलं त्याच्याबद्दलचे अंदाज माशावरून बांधत होती: मासा वाढला, तसा बेडूकही वाढणार, त्याला एवढासाच ठेवता येणार नाही. ओळखीच्या जिवावरून अनोळखी जिवाकडे जाणं, ही विज्ञानाची पहिली पायरीच म्हणायची. मात्र त्या मुलांनी मासे नुसते पाहिले नव्हते, सांभाळले होते. बालवाडीत खाणं घालायची पाळी मुलांची नसेल, तर काचेची टाकी म्हणजे शोभेची वस्तू.

आजारपणाची भीती रास्त आहे. कासव, बेडूक आणि कोंबडीची पिल्लं यांच्यापासून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांनी त्यांना हाताळू नये, असा अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं तर 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरतं. उरतात मासे आणि टाकीला हात लावल्यानंतर साबणाने हात धुणं. खेड्यातल्या मुलांच्या दारात शेळ्या-कोंबड्या असतातच, मग शाळेत कशाला, हा आक्षेपही योग्य आहे. तिथे नवा प्राणी आणूच नये. मुलांना जे ठाऊक आहे, त्यावरच धडा बांधावा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाड गावातल्या कामात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे शाळाच गुरांपाशी गेली.

मासा मेला तर? एक दिवस मरणारच. रात्रीतून तसाच दुसरा आणून ठेवण्याची युक्ती मला सर्वांत वाईट वाटते, कारण जीव वस्तूसारखा बदलता येतो, हाच धडा त्यातून मिळतो. मेला, असं साध्या शब्दांत सांगावं आणि मुलं विचारतील तेवढ्याच प्रश्नांना उत्तरं द्यावीत.

सगळ्यांत अवघड प्रश्न मुलांचा नाही, मोठ्यांचा आहे: दिवाळीच्या सुट्टीत माशांना खाणं कोण घालणार? त्याचं उत्तर एखाद्या माणसाच्या नावासकट मिळेपर्यंत टाकी विकत घेऊ नका.